वरचा जबडा

स्क्रीन काळी झाली आणि काळीच राहिली. आधी त्याला वाटलं, यंत्र दम खात असेल. वय झालेलं आहे, उठता-बसता वेळ लागायचाच. टेबलाखालच्या पेटीतला पंखा घरघरत होता, पुढचा हिरवा दिवा जळत होता, म्हणजे जीव होता; पण डोळा उघडत नव्हता. डाव्या कोपऱ्यात वर एक बारीक पांढरी रेघ लुकलुकत होती, तेवढीच काय ती धुगधुगी. त्याने माउस हलवला. मग एंटर दाबलं. रेघ एक पायरी खाली उतरली आणि तिथे लुकलुकायला लागली. पुन्हा दाबलं, पुन्हा एक पायरी. असं करत करत ती तळाला गेली असती आणि तिच्यामागे तोही गेला असता, म्हणून त्याने हात आवरला. काळ्या काचेत खोली दिसत होती: मागची खिडकी, खिडकीतलं दुपारचं ऊन, दोरीवरचे टॉवेल आणि मध्ये तो. सवयीने त्याने आधी तोंडच पाहिलं. सगळा जन्म कवळ्या बनवण्याच्या लॅबमध्ये घालवलेला माणूस दुसरं काय पाहणार? शेजारीपाजारी त्याला दातवाला म्हणत आणि त्याला ते कधी खटकलं नव्हतं. माणसांची नावं तो हमखास विसरायचा, पण बसथांब्यावर एकदाच जांभई दिलेल्या माणसाची किडकी दाढ त्याला वर्षानुवर्षं आठवायची. काचेतल्या तोंडाचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्याला एकदम भीती वाटली. उद्याचं काय?

चूक कुठे झाली हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, सकाळीच फोनवर बजावून ठेवलं होतं. "भावोजी, ड्रायव्हर, म्हणजे नवं कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, टाकून झाला की मशीन बंद होऊन परत सुरू होईल, आणि सुरू होताना एक निळी स्क्रीन येईल. घाबरून जाऊ नका. ती एवढंच विचारते, की दारात नवीन कुणीतरी आलंय, ओळखीचं आहे का? तुम्ही लगेच एक कळ दाबायची. दहापासून उलटं मोजते ती. तेवढ्यात दाबली नाहीत तर ती समजते घरात कुणी नाही, आणि नव्याला बाहेरच ठेवून पुढे निघून जाते." निळी स्क्रीन सांगितल्याप्रमाणे आली. दहा आला, नऊ आला. त्याने बोट उचललं, आणि नेमकी तेव्हाच आतून बायकोची हाक आली. "अंहों." तिच्या तोंडात वरच्या बाजूला आता टाळू पुरती नाही. तिथे भोक आहे, आणि हाक ओठांपर्यंत पोचायच्या आधीच नाकाकडे वळते. वर्ष होत आलं तरी ती हाक त्याच्या कानाच्या सवयीची झालेली नाही. दरवेळी क्षणभर त्याला वाटतं, कुणी दुसरीच बाई घरात येऊन राहिली आहे. त्याने मान वळवून म्हटलं, "आलो गं, एक मिनिट!" आणि मान परत फिरवली तर निळं गेलेलं. तो तिच्याकडे गेला नाही आणि कळही दाबली नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं. आतून पुन्हा हाक आली नाही. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ सुरूच राहिला.

आधी तिला हिरडीला नुसती सूज वाटली होती. तिने त्याच्यासमोर दिव्याखाली तोंड उघडलं होतं आणि म्हणाली होती, "बघा बरं, दाढ दुखतेय." त्याने पाहिलं. धंद्यातल्या माणसाला जे कळायचं ते कळलं, आणि तो म्हणाला, "डॉक्टरला दाखवू. उगाच कशाला अंगावर काढायचं?" आवाज इतका सहज काढला होता की ती निश्चिंत झोपली. पुढे सर्जनने डाव्या बाजूच्या दाढा, सुळा, टाळूचा तुकडा, सगळं नेलं. मग कॅन्सर परतू नये म्हणून महिनाभर किरणं दिली. मग हॉस्पिटलने एक प्लेट करून दिली: भोकात बसणारा गुलाबी गोळा, त्याला जोडलेली टाळू, आणि टाळूच्या कडेने बसवलेले दात. ती पहिल्यांदा घालून ती तपासणीच्या खोलीबाहेर आली तो दिवस त्याला अजून लख्ख आठवतो. बाकावर तो बसला होता. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी नीट बोलतेय ना?" शब्दन्शब्द स्वच्छ. कितीतरी महिन्यांनी तिचा स्वतःचा आवाज. बाकावरच्या अनोळखी बायकासुद्धा हसल्या. आणि याने काय करावं? हा उठला, तिची हनुवटी बोटांनी उजेडाकडे फिरवली, आणि म्हणाला, "बोलतेयस छान गं. पण हे तुझे दात नव्हेत. खोक्यातले तयार दात बसवलेत. बटणं लावल्यासारखे एका मापाचे. तुझा सुळा कुठाय?" वाईट हेतू नव्हता. लॅबमध्ये दुसऱ्याचं काम हातात आलं की तो असंच बोलायचा, सगळेच बोलायचे. त्यावर मग चहा व्हायचा. पण ती काही लॅब नव्हती. तिने ओठ मिटले. घरी येईपर्यंत ते मिटलेलेच होते, आणि संध्याकाळी ती मोरीतून बाहेर आली तेव्हा प्लेट काचेच्या पेल्यात पाण्यात होती आणि तिचा हात तोंडावर होता. तो हात त्यानंतर त्याच्यासमोर कधी खाली आला नाही. जेवायलाही ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसायला लागली.

त्याला वाटलं होतं, आपण चूक दुरुस्त करू शकतो, कारण दात ही गोष्ट त्याच्या हातची होती. तो म्हणाला होता, "थांब, मीच करून देतो तुला तुझे दात. थोडेच दिवस. मग त्या बटणांकडे बघायचंसुद्धा नाही." आणि फळीवरून त्याने प्लास्टरचा जबडा काढला होता. तो जबडा म्हणजे त्यांच्या लग्नाच्याही आधीचा. लोक लग्न ठरल्यावर बागेत जातात, नाटकाला जातात. हा पठ्ठ्या तेव्हा लॅबमध्ये नवशिका होता, माप घ्यायचा सराव त्याला हवा होता, आणि आपलं म्हणून हक्काचं तोंड एकच होतं. दुसऱ्याच भेटीत त्याने तिच्या तोंडात मापाचं गुलाबी पीठ भरलं. तिला आधी ओकारी आली, मग हसू आलं, आणि हसू दाबता दाबता ते पीठ ओठांच्या कडेने हनुवटीवर ओघळलं. "हलू नकोस, हलू नकोस," म्हणताना तो स्वतःच हलत होता. त्या मापातून निघालेला तिचा वरचा जबडा त्याने जपून ठेवला. डावा सुळा रांगेतून किंचित पुढे आलेला, वर्गाच्या फोटोत एक पोर पाय पुढे टाकून उभं राहतं तसा. त्या सुळ्यावरून तो तिला सुळूबाई म्हणायचा. घरं बदलली, फळ्या बदलल्या, जबडा बरोबर आला. मूल झालं असतं तर त्याने खेळायला मागितला असता, असं ती एकदा म्हणाली होती. तेव्हा तिला प्रत्येक शब्द नीट म्हणता येत होता.

पण आता प्लास्टर आणि मेणाचे दिवस सरले होते. लॅबच बंद पडली, आणि जिथे काम उरलं तिथे दात हाताने कोणी कोरत नव्हतं. कॉम्प्युटरवर आकार करायचा, फाइल धाडायची, यंत्र ठोकळ्यातून दात कापून देतं. एका जुन्या जोडीदाराला अशा ठिकाणी काम मिळालं होतं. त्याने मैत्रीखातर प्लास्टरचा जबडा स्कॅन करून दिला, हॉस्पिटलकडचा तिच्या आताच्या तोंडाचा स्कॅनही मिळवला, आणि म्हणाला, "हे त्याच्यावर नीट बसव आणि मला दे. बाकी माझ्यावर सोड." ऐकायला दोन वाक्यं. त्याच्या बोटांना मेण कळत होतं, मेणाची ऊब, कोरणीखाली ते सुटताना होणारा बारीकसा आवाज कळत होता. इथे बोटांखाली काहीच नव्हतं. मेहुण्याने आपल्या ऑफिसातून बाद झालेला कॉम्प्युटर आणून दिला. नेहमीची सिस्टिम त्या म्हाताऱ्याला झेपत नाही म्हणून त्यावर लिनक्स नावाची हलकी सिस्टिम घातली. जबड्याचं चित्र उघडलं की यंत्राला उचकी लागायची: माउस आत्ता फिरवला तर जबडा मागाहून फिरायचा, तोही टप्प्याटप्प्याने, आणि हवं तिथे सोडून भलतीकडेच थांबायचा. सुळा धरायला जावं तर हाती दाढ लागायची. असे कितीतरी दिवस गेले. रोज दुपारी तो दार लोटून बसायचा, आणि दाराबाहेर कधी कधी तिचा आवाज यायचा, फोनवर बहिणीशी बोलत असावी असा. मग तो आवाज येईनासा झाला. त्याने विचारलं नाही. मागच्या आठवड्यात मेहुण्याने चित्र झरझर फिरवणारं ग्राफिक्स कार्ड कुठूनसं वापरलेलं पैदा केलं, पेटी उघडून आत ठोकून बसवलं, आणि जाता जाता सांगितलं, "कार्ड बसलं, पण ड्रायव्हर टाकल्याशिवाय ते काही करणार नाही. तेवढं फोनवर करू आपण." उद्या हॉस्पिटलची तारीख होती. आज संध्याकाळपर्यंत फाइल पोचली तर जोडीदार रातोरात दात कापून सकाळी देणार होता, आणि डॉक्टर उद्याच ते बसवून पाहणार होते. मागच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, की प्लेट रोज तोंडात राहिली पाहिजे. किरणांनी भाजलेला भाग आतून आखडत जातो, तोंड उघडणं कमी कमी होतं आणि मग कुठलीच प्लेट आत जात नाही. लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायचा व्यायामही दिला होता. त्याने सगळं मान डोलावत, आपण एकाच धंद्यातले असल्यासारखं ऐकलं होतं. म्हणूनच तर घाई होती, असं तो आता स्वतःला सांगत होता.

त्याने मेहुण्याला फोन लावला.

"काळी झाली," तो म्हणाला.

"पूर्ण काळी, की कोपऱ्यात काही लुकलुकतंय?"

"रेघ लुकलुकतेय."

"मग काही बिघडलेलं नाही. निळीला कळ दाबलीत का?"

हाक आली म्हणून राहून गेलं, असं म्हणता आलं असतं. पण मग 'ताईला काय हवं होतं?' असा प्रश्न आला असता, आणि तो तर आत गेलाच नव्हता. "हुकलं," तो म्हणाला.

मेहुणा हसला. दुष्टपणाने नाही, नवशिक्याला हसावं तसा. "सगळ्यांचं हुकतं भावोजी पहिल्यांदा. ऐका, काय झालंय ते सांगतो म्हणजे भीती जाईल. लिनक्स येताना स्वतःचा एक ड्रायव्हर घेऊन येतं. फुकटचा, साधा. कार्डाची सगळी ताकद त्याला वापरता येत नाही, पण चित्र दाखवतो बिचारा. कंपनीचा ड्रायव्हर घालायचा तर त्याला आधी बाहेर काढावं लागतं, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. आपण सकाळी तो काढला. आणि नवा दारातच अडकला, कारण त्याची किल्ली, म्हणजे त्याची ओळखखूण, तुम्ही ओळखीची आहे म्हणून सांगितलं नाहीत. म्हणजे जुना गेलाय, नवा आत आलेला नाही. मधल्या मधे काहीच नाही. म्हणून काळं."

ऐकता ऐकता त्याची जीभ आपोआप टाळूला लागली. टाळू जागेवर होती. खडबडीत, ओली, आपली. त्याला शरम वाटली, कशाची ते धड कळलं नाही.

"जुना परत नाही घालता येणार?" त्याने विचारलं. "निदान चित्र तरी दिसायचं."

"येईल की. पण मग परत उचक्या. आता इतकं केलंय तर होऊन जाऊ दे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबा."

त्याने दाबलं. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली, नाव विचारणारी. नाव घातलं. पासवर्ड विचारला, तो टाइप करताना मात्र स्क्रीनवर काहीच उमटेना, एक ठिपकासुद्धा नाही. "दिसत नाही काही," तो घाबरून म्हणाला. "दिसणार नाहीच," मेहुणा म्हणाला, "दिसत नाही म्हणून पोचत नाही असं नाही. तुम्ही टाइप करत राहा." याच सुमारास त्याला मागे कुणीतरी असल्यासारखं वाटलं. दारात बायको उभी होती. एक हात तोंडावर, दुसरा पदराखाली, मुठीत काहीतरी धरलेलं. ती काही बोलली. लांबलचक बोलली, वाक्याला चढउतार होता, शेवट प्रश्नाचा होता, पण शब्द म्हणून एकही हाती लागला नाही. "काय?" तो म्हणाला. फोन कानाला होता. तिने पुन्हा म्हटलं, सावकाश, आणि सावकाश म्हटल्याने ते आणखीच नाकात गेलं. "काय गं? उद्याचं का? अगं तेच तर चाललंय. आज होणार म्हणजे होणार." तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. ती म्हणाली, "काही नाही." हे मात्र त्याला लगेच कळलं. सगळ्या वाक्यांत हेच एक वाक्य त्याला हल्ली नेमकं कळत असे, इतक्यांदा ते त्याने ऐकलं होतं. ती गेली. चपलांचा आवाज स्वयंपाकघराकडे गेला, मोरीच्या दाराची कडी वाजली. "ताई होती का?" फोनमधून मेहुण्याने विचारलं. "हो." "काय म्हणतेय?" "काही नाही," तो म्हणाला.

मग मेहुण्याने एक ओळ अक्षर अक्षर करून सांगितली आणि त्याने ती एका बोटाने टाइप केली. ही नव्या ड्रायव्हरच्या किल्लीची पुन्हा नोंद करायची ओळ होती. यंत्राने तात्पुरता पासवर्ड मागितला. "साधा ठेवा, एकदाच लागतो," मेहुणा म्हणाला, "पण विसरू नका, निळ्या स्क्रीनवर हाच विचारणार." सकाळी त्याने कुठलेसे आकडे ठोकले होते. आता बोटं थांबली आणि मग आपोआप चालायला लागली: सुळूबाई. दोनदा मागितला, दोनदा दिला, आणि दोन्ही वेळा स्क्रीनवर काहीच दिसलं नाही. किती वर्षांनी त्याने ते नाव घेतलं होतं, आणि घेतलं ते असं, न दिसणाऱ्या अक्षरांत, यंत्रापाशी. हाक मारायला ती भिंतीपलीकडेच होती. तशी हाक मारली असती तर तिने हात काढला असता का तोंडावरचा? की तिला ती थट्टा वाटली असती, नसलेल्या सुळ्याची? हा विचार त्याला सहन होईना. त्याने घाईने शेवटची ओळ टाइप केली. "आता रीस्टार्ट," मेहुणा सांगत होता, "निळी आली की कळ दाबा. मग चार ओळी येतील. सगळ्यात वरची 'पुढे चला' म्हणते, ती दाबायची नाही. ती गोड बोलते आणि फसवते. तिच्या खालची, किल्ली नोंदवायची. मग हो म्हणा, पासवर्ड द्या. फोन ठेवतो मी, दोन्ही हात मोकळे राहू द्या. झालं की सांगा."

तो दोन्ही हात कळांवर धरून बसला. यंत्र विझलं, खोलीत एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत त्याला मोरीतून येणारे आवाज ऐकू आले: पाणी, पाण्यातून काहीतरी निसटून तळाला आपटल्याचा आवाज, मग दबलेला, घशातल्या घशात कण्हल्यासारखा आवाज, मग पुन्हा पाणी. तोंड धूत असेल, त्याने ठरवलं. तिला ते भोक रोज धुवावं लागतं. पंखा घरघरला. कंपनीचं चिन्ह येऊन गेलं. स्क्रीन निळी झाली, दहा, आणि हाक आली. "अंहों." नऊ. या वेळची हाक नेहमीसारखी नव्हती. पुढे आणखी काहीतरी होतं, "याँ नां" असं काहीतरी, या ना. आठ. त्याची मान वळली नाही. मानेच्या शिरा ताठ झालेल्या त्याला जाणवल्या. एकदा वळून काय झालं ते मघाशी पाहिलंच होतं. तिच्यासाठीच तर, तो मनात म्हणाला. आणि सातला त्याने कळ दाबली. चार ओळी आल्या. वरच्या गोडबोलीला त्याने बाजूला सारलं. खालची. हो. पासवर्ड: सुळूबाई. निळं गेलं, काळं आलं, आणि त्या काळ्यात तो श्वास धरून बसला. मग एकदम लख्ख उजेड पडला. स्क्रीन कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत भरली, अक्षरं कोरल्यासारखी रेखीव झाली. इतके दिवस आपण धुरकट काचेतून बघत होतो हे त्याला आता कळलं.

त्याने फाइल उघडली. जबडा आला. माउसला नुसतं बोट लावलं आणि जबडा फिरला. बोट थांबलं, थांबला. उचकी नाही, अडणं नाही. त्याने तो उलटा केला, टाळूच्या वळ्या पाहिल्या, दाढांच्या खाचांतून फिरला, आणि डाव्या बाजूला येऊन सुळा धरला. पहिल्याच प्रयत्नात सुळा हाती आला. पुढे आलेला, टोकाला जरासा झिजलेला, तोच. त्याने तो उचलून आताच्या तोंडाच्या स्कॅनवर ठेवला. बसला. दाढा ठेवल्या. बसल्या. इतक्या दिवसांचं काम असं झपाट्याने होत गेलं की त्याला वेळेचं भान राहिलं नाही. बोटांना पुन्हा मेण लागत असल्याचा भास होत होता. सगळं जागेवर बसल्यावर त्याने जबडा आपोआप फिरत राहील असा सोडला, खुर्ची मागे सारली आणि ओरडला, "अगं, झालं! ये लवकर! बघ तरी!"

ती आली. यायला वेळ लागला. खुर्चीमागे उभी राहिली. त्याने स्क्रीनवरून नजर न काढता सांगायला सुरुवात केली, की हा बघ तुझा सुळा, हा डाव्या बाजूचा, ही बघ दाढ, या दाढेने तू सुपारी फोडायचीस आणि मी ओरडायचो. उद्या सकाळी हे सगळं खरं होऊन हातात येणार. मग बोल किती बोलायचं ते. "आवडलं का?" असं म्हणत तो वळला, आणि तिचा हात तोंडावर नव्हता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. ओठांच्या डाव्या कोपऱ्याला चीर पडली होती आणि तिथे रक्त सुकलं होतं. दुसरा हात तिने पुढे केला. तळहातावर हॉस्पिटलची प्लेट होती, ती बटणांच्या दातांची, ओली. गुलाबी कडेला रक्ताची रेघ होती.

"हे काय? घालत होतीस?"

तिने मान डोलावली. मग बोलली. तो खुर्चीवरून उठला, तिच्या ओठांकडे बघत राहिला, आणि एकेक शब्द जोडत गेला, विचारत गेला, आणि ती हो-नाही करत गेली. आधी ती रोज घालायची. दुपारी, तो दार लोटून बसला की. बहिणीशी फोनवर बोलायची, पेपर मोठ्याने वाचायची. तो उठायच्या आत काढून ठेवायची. मग एकदा तो पुन्हा म्हणाला, आता थोडेच दिवस, मग त्या बटणांकडे बघायचं नाही. म्हणून तिने घालणं सोडलं. तुम्ही करताय म्हणून, ती म्हणाली. काड्यांचा व्यायामही सोडला. नवे आले की सगळं एकदमच करू म्हटलं. उद्या हॉस्पिटल, म्हणून आज घालून बघायला गेले. मघापासून तेच सांगत होते.

"तोंड उघड बघू," तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या कानाला तो आवाज फार वर्षांपूर्वीचा वाटला, दिव्याखालचा, सहज.

तिने उघडलं. डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून उघडलं. जेमतेम एक बोट आडवं जाईल एवढी फट झाली आणि तिथेच अडली. माप घ्यायची गरज नव्हती. कुठल्या आकाराची वस्तू कुठल्या तोंडात जाईल हे पाहताक्षणी कळण्यासाठीच तर त्याने सारा जन्म घालवला होता. बटणांची प्लेट त्यातून जाणार नव्हती. सुळ्याची, दाढांची, स्क्रीनवरची ती दुसरी तर तिच्याहून अंगाने मोठी होती. तरी त्याने तिच्या हातातली प्लेट घेतली, तिरकी धरली, बोटाने ओठ बाजूला केला आणि हलकेच दाबून पाहिली. ती कण्हली, पण मागे सरली नाही. त्याने दुसऱ्या बाजूने लावून पाहिली. मग त्याने हात खाली घेतला. "उद्या डॉक्टरांना विचारू," तो म्हणाला. "काहीतरी करतील. काड्या... काड्या आजपासून सुरू करू आपण." टेबलावरचा फोन थरथरत गोल गोल फिरत होता, मेहुणा झालं का विचारत असणार. दोघांपैकी कोणीही तो उचलला नाही.

तिने पदराने ओठाचा कोपरा टिपला. मग त्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं. जबडा संथपणे फिरत होता, कुठेही न अडता. दाढा मागे जात, सुळा समोर येई, उजेड धरी, मागे जाई, पुन्हा समोर येई.

"छान फिरतंय," ती म्हणाली.

हे तर सगळं नाकातूनच आलं होतं. पण या वेळी त्याला 'काय' म्हणून विचारावं लागलं नाही.